पमे, तुझ्या शोकसभेत मी भांडले

पमे, तुझ्या शोकसभेत मी भांडण केलं. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि बाहेर आल्यावर म्हणाली असतीस, "शाले, तुले कुठं नेण्याची सोय नाई." पण तू नव्हतीस. तू भिंतीवर होतीस, हार घालून. फोटो तरी कुठला निवडावा? कुणाच्या तरी सत्कारात तुझ्या खांद्यावर जबरदस्तीनं शाल टाकली होती, तेव्हाचा. त्यात तुझा चेहरा दाढ उपटून घेताना असतो तसा दिसतो.

फोटोच्या मागं भलं मोठं फ्लेक्स. "थोर संस्कृत विदुषी प्रा. प्रमिलाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली." मी ते वाचलं आणि माझं डोकं तिथंच फिरलं. ज्या एका अक्षरासाठी तू या अमरावतीत चपला झिजवल्यास, ते 'प्रा.' त्यांनी मेल्यावर फुकटात लावून टाकलं होतं. आणि संस्कृत! तू बीएपर्यंत संस्कृत शिकलीस, त्यानंतरचं तुझं सगळं आयुष्य ग्रीक आणि लॅटिनमध्ये गेलं. खुर्च्या मांडणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, "यात ग्रीक-लॅटिन कुठे आहे?" तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, जागा नव्हती. आन् लोकाइले समजत बी नाई ना ते."

मी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं निघाले होते. बडनेऱ्यापर्यंत मी स्वतःला बजावत होते की आज फक्त रडायचं. पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या बाईला शोभेल असं शांत बसायचं, सांगितलं तर चार वाक्यं बोलायची आणि परत यायचं. पण फ्लेक्सनं अर्धं काम केलं आणि उरलेलं साहेबांनी.

साहेब म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या आणि ही सभा भरवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचं नाव लिहीत नाही. तुला ते माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना कळून काही उपयोग नाही. साहेब उठले, खाकरले आणि म्हणाले, "प्रमिलाताईंना नोकऱ्यांची कमी नव्हती. परदेशातून बोलावणी होती. आमच्या संस्थेनंही त्यांना विनंती केली होती. पण त्यांनी खुर्ची नाकारली आणि सेवेचं व्रत घेतलं." यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, पमे. शोकसभेत टाळ्या.

विनंती म्हणे!

त्या विनंतीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते. संस्कृतची जागा निघाली होती आणि मुलाखतीला तू कुणाशी तरी वाद घालशील या भीतीनं मी सोबत आले होते. तू आत आणि मी बाहेरच्या बाकावर. दाराची कडी नीट बसत नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. साहेब तेव्हा अध्यक्ष नव्हते, समितीतले एक सभासद होते. त्यांनीच विचारलं, "ग्रीक-लॅटिन घेऊन तुमी इथं का करान? अमरावतीत कोन ग्रीक आहे?"

तू म्हणालीस, "संस्कृत तरी कोन आहे सर? हा इंटरव्यू बी आपन वऱ्हाडीतच घेऊन राहिलो ना."

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बराच वेळ कागद उलटल्याचे आवाज आले. मग त्यांनी तुला समजावून सांगितलं, अगदी गोड आवाजात, की बीए संस्कृत असलं तरी तुझं एमए 'संबंधित विषयात' नाही. संबंधित नाही! संस्कृतच्या सख्ख्या चुलतबहिणी त्या, आणि त्यांचा संस्कृतशी संबंध नाही. ग्रीक-लॅटिनची जागा कधी निघणार, असं तू विचारलंस. ते म्हणाले, तो विषय आपल्याकडे नाही. म्हणजे संस्कृतला तू चालत नव्हतीस आणि ग्रीकला जागाच नव्हती. दोन्ही दारं लावून झाल्यावर त्यांनी तुला चहा विचारला.

तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "चाल, गिला वडा खाऊ." गाडीवर उभं राहून आपण वडा खाल्ला. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू गाडीवाल्याला झापत होतीस, "इतकी मिरची टाकतेत का भाऊ?" त्या दिवशी त्यानं मिरची टाकलीच नव्हती. मी पण तोच वडा खाल्ला होता.

आता तूच सांग, ते भाषण ऐकून मी काय करायला हवं होतं?

तुझं हे वेड सुरू झालं तेव्हाही मी तिथंच होते. बीएच्या वर्गात आपल्या सरांनी एकदा फळ्यावर आई, बाप, भाऊ हे शब्द संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांत लिहिले आणि त्यांचं साम्य दाखवलं. आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून. तू उठून विचारलंस, "सर, मंग ह्या दोन भाषा कोन शिकवते?" सर म्हणाले, "आपल्याकडे कोणी नाही." आठवडा संपायच्या आत तू कोणीतरी शोधून काढलंस. कॅम्पातल्या चर्चमधले म्हातारे फादर. मूळचे मंगळुराकडचे, पण इतकी वर्षं वऱ्हाडात काढलेले की त्यांची मराठी आपल्याहून रांगडी होती. पाद्री होण्यासाठी तरुणपणी लॅटिन शिकलेले. त्यांना पानाचं व्यसन, आणि तू अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्याची पोर. योगच म्हणायचा. घरून आलीस की कपुरी पानांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन जायचीस. फादर दार उघडायच्या आधी आतूनच ओरडायचे, "पोरी, पान आनलं का? मंग ये, बस."

मी दोनदा तुझ्याबरोबर आले आणि पळाले. संस्कृतची रूपं पाठ करून जीव विटला होता, त्यात ही आणखी. तू मात्र चिकटलीस. फादरांचं लॅटिन खणखणीत होतं. ग्रीक दुखऱ्या गुडघ्यासारखं, चार पायऱ्या चढलं की थांबायचं. पुढचं त्यांना येत नाही म्हटल्यावर तू पुढं कुठं शिकवतात ते विचारलंस, आणि एक दिवस शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडात एमएला निघालीस. ग्रीक आणि लॅटिनचं एमए, अंजनगावच्या पोरीचं. तुझ्या बाबांना बाजारात लोक अडवून विचारायचे.

"तिकडचे लोक बोलतेत का ते?"

"नाई. ते बोलनारे सारे मेले."

"मंग शिकून का फायदा?"

"आपले बी मेलेच ना? तरी श्राद्ध करतोच का नाई?"

तुझे बाबा मोठे होते, पमे. शाळेची पायरी फारशी चढले नव्हते, पण तू काय करते आहेस याची त्यांना कधी लाज वाटली नाही. आपल्या प्राध्यापकांना वाटली.

तिकडून तुझी पत्रं यायची. वर्गातली बाकीची पोरं शाळेपासून लॅटिन शिकलेली, त्यांना ते तोंडपाठ, आणि तू एकेका ओळीसाठी कोश उघडून बसलेली. पहिले काही महिने तू रोज रडत होतीस, हे तू मला फार नंतर सांगितलंस. पत्रात फक्त थंडी असायची आणि बेचव भाज्या. मग एका पत्रात होतं, "आज पैल्यांदा एक अख्खं पान कोश न पाहता वाचलं. वसतिगृहाच्या जिन्यावर बसून जोरात हसली. लोकाइले वाटलं येडी झाली." ते पत्र वाचून मी अकोल्यात एकटीच पेढे खाल्ले. कुणाला काय म्हणून वाटणार होते?

पदवी मिळाली, तिथल्या शिकवणाऱ्या बाई तुला पुढं ठेवून घ्यायला तयार होत्या, आणि इकडे तुझी आई अंथरुणाला खिळली. तू आलीस. साहेब ज्याला व्रत म्हणाले ते हे. व्रतबित काही नव्हतं, आईचं हागणं-मुतणं काढायचं होतं. ती गेली तोवर तिकडची जागा गेली होती. मग तू इथल्या कॉलेजांची दारं ठोठावलीस, त्यातलं एक दार कडी न बसणारं होतं, आणि शेवटी कोचिंग क्लासमध्ये इंग्रजीचं व्याकरण शिकवायला लागलीस.

लोक म्हणायचे, इतकी वर चढली आणि शेवटी खालीच आली. तुझी मावशी तर तोंडावर म्हणायची. मला ते ऐकून संताप यायचा आणि तुला येत नाही याचा आणखी संताप यायचा. म्हणून एकदा तू मला अंजनगावला नेलंस. उन्हाळा तोंडावर आला होता. मळ्याच्या तोंडाशी चपला काढायला लावल्यास. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. आत गार सावली आणि ओल्या मातीचा वास. तुझे बाबा आणि गडी शेवरीच्या झाडांवर उंच गेलेले वेल लव्हाळ्याची बंधनं सोडून खाली घेत होते. चांगले माणसापेक्षा उंच वेल, ते उतरवायचे, त्यांची वेटोळी करून बुडाशी मातीत गाडायची, शेंडा तेवढा वर ठेवायचा. मला बघवेना. मी विचारलं, "बाबा, एवढा वाढलेला वेल गाडता कशाला?"

"उतरन हाय ही. दरसाल करा लागते. वेल वरतीच ठेवला तं पान बारीक पडते, पिवळं होते. मातीत गेला की नवे फुटवे फुटतेत."

तू माझ्याकडे बघितलंस फक्त. परतीच्या एसटीत मी म्हटलं, वेलाचं ठीक आहे, वेलाला पीएफ लागत नाही. तू खिडकीतून बाहेर बघत हसत राहिलीस. मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही, आणि ते मी नंतर सांगणार आहे.

तुझा रविवारचा वर्ग त्यानंतरचा. अमरावतीतल्या तुझ्या भाड्याच्या दोन खोल्या आणि तो ओटा. चपला पायरीखाली काढायच्या, हा नियम तू मळ्यातून तसाच उचलून आणला होतास. कधी चार जण यायचे, कधी एक. सादिक आला तो यूनानी, म्हणजे मूळचं ग्रीकच, वैद्यक शिकत होता. "आमच्या साऱ्या हकीमाइची नावं यूनानी, अन् आमाले त्याचं एक अक्षर येत नाई, हे बरं हाय का ताई?" असं म्हणून आला, तो डॉक्टर झाला तरी येतच राहिला. आणि दर वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, तू सगळ्यांना पुन्हा पहिल्या धड्यावर बसवायचीस. नवे, जुने, कठीण ग्रंथ वाचणारे, सगळे एका सतरंजीवर, पहिलं वाक्य. त्याला तू उतरण म्हणायचीस. जुने कुरकुर करायचे, आणि दोन रविवारांनी म्हणायचे की हे तर आम्हाला कळलंच नव्हतं. शिकवण्याची अशी तऱ्हा मी कुठं पाहिली नाही. मी ती चोरून अकोल्याच्या माझ्या वर्गात वापरली. तुला सांगितलं नाही, कारण तू मानधन म्हणून गिला वडा मागितला असतास. आमच्या पोरांना संस्कृत जरा तरी आवडायला लागलं ते त्यामुळं. हे तुझं देणं आहे आणि ते मी इथं मान्य करते.

पण दुसरी तुझी तऱ्हा मला मान्य नव्हती. कुठलंही वाक्य आधी वऱ्हाडीत सांगायचं, ही. तुझ्या पहिल्या धड्यातलं साधं वाक्य: मुलगी शेतकऱ्याला पाणी देते. तुझी पोरं म्हणायची, "पोरगी वावरात बापाले पानी देऊन राहिली."

"यात बाप कुठून आला?" मी विचारायची. "मूळ वाक्यात बाप नाही."

"वावरात पानी घेऊन जाते तं बापालेच देईन ना, का परक्याले?"

"आणि वावर?"

"मंग शेतकरी का चौकात उभा राहीन?"

किती वर्षं भांडलो आपण यावर! मी म्हणायची, विद्येला प्रमाण भाषा हवी, नाहीतर पुण्यातले लोक हसतील. तू म्हणायचीस, पुण्यातले लोक तसेही हसतेत. एकदा तू विचारलंस, "शाले, तुले राग कोनत्या भाषेत येते?" मी म्हटलं, मराठीत. तू म्हणालीस, "खोटं." तो वाद तिथंच राहिला.

आणि मग प्राजक्ता आली. तिवशाच्या हारफुलंवाल्याची मुलगी. आपलं खरं भांडण तिच्यावरून. ती पोरगी तुझ्याहून हुशार आहे, हे तूच म्हणालीस. तिचं वाचन ऐकलं की मला फादरांच्या ओसरीतली तू आठवायचीस, तशीच मान पुढं काढून वाचते. तिनं ग्रीक-लॅटिनच्या एमएसाठी बाहेर अर्ज करावा म्हणून तू तिच्या मागं लागलीस. मी तिच्या आईच्या बाजूची. आई म्हणत होती, बीएड कर. आपल्या शेवटच्या फोनवर मी तुला बोलले ते सगळं मला आठवतं. मी म्हटलं, तुझं काय झालं ते दिसत नाही का? तिनंही जन्मभर कोचिंगमध्ये 'व्हॉट इज युवर नेम' शिकवायचं का? एकीचा बळी गेला तेवढा पुरे नाही का?

मग म्हणालीस, "मले नोकरी नाई भेटली शाले. ग्रीक तं भेटलं ना."

"मग बस ग्रीक खात," असं म्हणून मी फोन आपटला.

त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मी खोटं काही बोलले नव्हते. आपण अशी पन्नास भांडणं केली आणि प्रत्येक वेळी तूच परत फोन केलास, काहीतरी खवचट बोललीस आणि गाडं पुढं गेलं. ही पाळी तुझी होती. मी वाट बघत होते. फोन आला तो तुझ्या भावाचा, दिलीपचा, अंजनगावहून. सकाळी चहा ठेवला आणि गेली म्हणे. पाळी चुकवून गेलीस तू. माझ्या दुःखाचं लोक विचारतात, मी काय सांगू? मला तुझी आठवण येते तशी रोज येते, पण आधी राग येतो.

तर शोकसभा. साहेबांनी शेवटी घोषणा केली की तुझ्या नावानं संस्थेत अध्ययन कक्ष होणार. तुझी सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात ठेवणार, कुलूपबंद, सुरक्षित. दिलीप पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता. त्या बिचाऱ्याला काय कळणार? आणि मी उठले. माईक नव्हता, पण माझा आवाज तुला ठाऊक आहे.

"साहेब, तिनं नोकरी नाकारली नाई. तुमी नाकारलं तिले. मी बाहेर बाकावर बसून सारं ऐकून राहिली होती. अमरावतीत कोन ग्रीक आहे म्हनून तुमीच इचारलं होतं. जित्या बाईले दार लावलं, अन् आता तिच्या पुस्तकाइले कुलूप लावता? कशासाठी? ते पुस्तकं पळून जाऊन राहिले का?"

कुणीतरी माझ्या पदराला धरून खाली ओढत होतं. मागून एकट्यानं टाळी वाजवली, तो सादिक. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो." भावना! मी त्यांना माहिती दिली होती.

खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं, पमे, की मी कोणत्या भाषेत बोलले. जन्मभर वर्गात मुलांचा 'ले' दुरुस्त करणारी मी. तू म्हणाली होतीस ते खरं निघालं, झालं समाधान?

बाहेर दिलीपनं मला गाठलं. वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "ताई, मले हे सारं माहीतच नव्हतं. ती घरी कधी बोलली नाई. पुस्तकाइचं का करू ते तुमीच सांगा." आणि त्यानं तुझ्या खोल्यांची किल्ली माझ्या हातात ठेवली.

पुढच्या रविवारी मी पुस्तकं आवरायला गेले. गाडीत मी प्राजक्ताला काय सांगायचं ते घोकत होते. तिला प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्तीसकट, हे मला सादिकनं कळवलं होतं. मी ठरवलं होतं की तिला बसवून तुझी सगळी हकीकत सांगायची, एकही गोष्ट न लपवता, म्हणजे तिचे डोळे उघडतील. जिवंतपणी तू मला हे करू दिलं नसतंस.

पायरीखाली दोन जोडी चपला होत्या. सादिक आणि प्राजक्ता बंद दारासमोर ओट्यावर सतरंजी टाकून बसले होते. शिकवणारी नाही, किल्ली नाही, तरी बसले होते. उतरणीचा रविवार होता. दोघांच्या मध्ये पहिला धडा उघडा होता.

मी दार उघडायचं सोडून तिथंच बसले आणि प्राजक्ताला सगळं सांगितलं. मुलाखत, 'संबंधित विषय', चहा, कोचिंग. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मॅडम, हे तं ताईनं पैल्याच दिवशी सांगतलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हने, हे शिकून तुले कोनी खुर्ची देनार नाई. मले नाई देल्ली. आता सांग, बसतं का जातं?"

"मग?"

"मंग बसली मी."

सादिक म्हणाला, "आमाले साऱ्याइलेच सांगत होती ते. पैला धडा त्याच्या बादच."

म्हणजे पमे, मी इतकी वर्षं समजत होते की तू त्या पोरांना भुलवतेस. तू तर आधीच सगळं पुढ्यात मांडून ठेवत होतीस, आणि ती त्यावर बसत होती. हे मला एकदा सांगता आलं नसतं? फोनवर? एका वाक्याचं काम होतं. पण नाही, तू गप्प बसलीस आणि मला आपटू दिलास फोन.

मग प्राजक्तानं विचारलं, "ताईले दुःख होतं का मॅडम?"

खोटं बोलायचा मक्ता साहेबांनी घेतलेला आहे, मी कशाला बोलू? मी म्हटलं, "होतं. खूप होतं." आणि गिल्या वड्याची गोष्ट सांगितली, मिरचीची. पोरगी रडायला लागली. सादिक उठून शेजारून पाणी आणायला गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. मी पण रडले, त्या सभेत रडायचं राहिलं होतं ते सगळं. रडून झाल्यावर प्राजक्तानं नाक पुसलं आणि पुस्तक पुढं ओढलं. तिनं पहिलं वाक्य वाचलं आणि अर्थ सांगितला, "पोरगी वावरात बापाले पानी देऊन राहिली."

"यात बाप कुठून आला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघंही हसायला लागले. सादिक म्हणाला, "ताई बी म्हनत होती, शालूताई आली की हेच इचारन."

पुस्तकं काचेच्या कपाटात जाणार नाहीत. सादिकच्या दवाखान्याच्या वर एक खोली रिकामी आहे, ती तिकडं जातील, उघडी, आणि रविवारचा वर्गही तिकडंच. शिकवणार सादिक. मी येत जाईन, महिन्यातून एकदा तरी. पहिल्या धड्यावर बसेन. मला तर दुसरा धडा येतही नाही. मोठा कोश प्राजक्तानं घ्यावा असं दिलीपचं फोनवर म्हणणं पडलं. तिनं तो छातीशी धरला आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. तिला अजून उत्तर हवं होतं. आईला सांगायला कुणाचं तरी वाक्य हवं होतं, आणि तू नव्हतीस.

"जाय," मी म्हटलं.

पण तू जिंकलीस असं समजू नकोस. वेल मातीत गाडला की फुटवे फुटतात हे खरं असेल, पण वेलाला मुलाखतीला जावं लागत नाही. तुझ्या बाबांनी निदान माती तरी भुसभुशीत करून ठेवली होती. या पोरीसाठी ती कुणी केली आहे? ती शिकून परत येईल, कारण तीही तुझ्यासारखीच मूर्ख आहे. आणि परत आली की कुठल्यातरी दारात तिला कुणीतरी गोड आवाजात सांगेल की विषय संबंधित नाही. म्हणून तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली. तू ती कधीच सांगितली नसतीस, कारण तुला कुणाकडून काही मागता येत नव्हतं.

मी म्हटलं, "वापस आल्यावर ज्या दिवशी तुहा इंटरव्यू असन, त्या दिवशी मले सांगजो. मी येईन. पन या खेपेले बाहेर बाकावर नाई बसनार."